माळावरची पहिली चूल

ईशान आणि रेवा,

तुम्ही पाठवलेले तीन फोटो मी मोठे करून पाहिले. पहिल्या जागेत तळं आहे, दुसरीत उंच झाडांची दाट सावली, तिसरीत नुसतं गवत आणि दगड. खाली लिहिलंय, "आजी, डोंगरात तंबू ठोकायला कोणती जागा घेऊ? तुझं एक मत." पुढे हसणारा चेहरा. तुम्ही गंमत म्हणून विचारलंत. मला गंमत म्हणून उत्तर देता येत नाही. मुक्कामाच्या तळासाठी जागा निवडण्याचा हुकूम मला आयुष्यात एकदाच मिळाला होता. त्याबद्दल मी तुमच्या बाबालाही नीट सांगितलेलं नाही. तुम्ही पुढच्या महिन्यात निघणार आहात, म्हणून आता लिहिते.

आधी एक दुरुस्ती. बाबाने तुम्हाला सांगितलं असेल की आजी लष्करात नर्स होती. मी लष्कराच्या नर्सिंग सेवेत कॅप्टन होते. माझ्या खांद्यावर तीन स्टार होते आणि मला सॅल्यूट मिळत असे. मागच्या वर्षी बीडमध्ये माजी सैनिकांच्या कार्यक्रमाला गेले, तर एक स्वयंसेवक मला सैनिकांच्या पत्नींच्या रांगेत बसवू लागला. मी उठले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. माझ्या शेजारी एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, जरा सरकून जागा दिली आणि म्हणाले, "जय हिंद, मॅडम." तेवढं पुरलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी पुण्याच्या लष्करी इस्पितळात होते. बीड जिल्ह्यातल्या दुष्काळी कामांसाठी एक लहान मेडिकल डिटॅचमेंट पाठवायची ठरली. एक डॉक्टर मेजर, एक नर्सिंग ऑफिसर, नऊ जवान, दोन ट्रक आणि एक वायरलेस सेट. नर्सिंग ऑफिसरला अशा कामावर सहसा पाठवत नसत. यादीत माझं नाव आलं याचं कारण एकच. माझं माहेर नेकनूरच्या बाजूचं आणि मेजर केरळचे. त्यांना मराठी येत नव्हतं. औषधांबरोबर भाषाही मीच न्यायची होती.

जागा बालाघाटच्या रांगेत होती. धावडा, साग, चंदन आणि मैलोगणती सीताफळ असं ते रान. त्या वर्षी सगळं खराट्यासारखं उभं होतं. खालच्या खिंडीत पाझर तलावाचा बांध घालायचा होता. कामाला चाळीस कुटुंबं येणार होती. बहुतेक ऊसतोडीला जाणारी. त्या साली ऊसच नव्हता, म्हणून कारखान्याऐवजी बांधावर आलेली. त्यांची गावं लांब होती. कामावरच राहायचं, तर तळ हवा. तळ नाही तर काम नाही, आणि काम नाही तर त्या घरांत चूल पेटणार नव्हती.

मेजर आणि मी दोन दिवस रान फिरलो. सकाळी सहाला निघायचो, दुपारी दोनला परतायचो. पाचशे पावलांवर पाणी, दुपारची सावली, वाऱ्याला आडोसा, पाण्याचा निचरा आणि ट्रक येईल असा रस्ता, या पाच गोष्टी आम्हाला शिकवलेल्या होत्या. डोंगराच्या एका घडीत पाचही सापडल्या. उंच कड्याच्या पायथ्याशी बारीक झरा चालू होता. त्याच्याभोवती उंबराची मोठी हिरवी झाडं. इतके दिवस तपकिरी रंग पाहिल्यावर त्या हिरव्याने मला रडू यायचं बाकी होतं. फॉर्मवरच्या पाचही खणांत मीच बरोबरच्या खुणा केल्या.

झऱ्यावर मधमाश्या होत्या. त्या आम्हाला दिसल्या. पण त्या साली पाणी जिथे असेल तिथे मोर, रानडुकरं, माणसं सगळीच येत होती. माश्या कुठून येतात हे कोणी वर मान करून पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तरी उंबराच्या फांद्यांआड कड्याची कपार दिसत नव्हती.

माणसं आली त्या दिवशीची गोष्ट. बैलगाड्या सकाळी दहाच्या सुमारास पोचल्या. सगळ्यांत पुढच्या गाडीत गयाबाई होती. मुकादमाची आई, साठी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. गाड्या थांबल्या, पण कोणी बैल सोडेना. मी विचारलं तर म्हातारी खाली उतरली.

"बाई, अगुदर चूल मांडावं लागंल."

"स्वयंपाक बांधावरच्या भटारखान्यात होणार आहे, आजी. इथे चूल लावायची नाही. जंगल खात्याची अट आहे."

"सैपाकाचं कोण बोलतंय? तीन धोंडे, वलासा पाला. धूर कुठं जातो ते बघू, चूल इझली की बैलं सोडू. लई येळ न्हाई लागत."

मेजरनी विचारलं, म्हातारी काय म्हणते. मी इंग्रजीत सांगितलं, "सर, काहीतरी पूजा करायची आहे. जागेची."

मेजर घड्याळ पाहत म्हणाले, "पूजेला माझी ना नाही. आगीला आहे."

मी गयाबाईला सांगितलं, साहेब नाही म्हणतात. ती गाडीकडे परत गेली. मग मुलाला म्हणाली, "सोड बाबा बैलं. सरकारी जागा हाय." आणि त्या कुटुंबांनी, माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या पिढ्यांत पहिल्यांदाच, चूल न लावता बिऱ्हाडं मांडली.

त्या दुपारी दुसऱ्या ट्रकने नाईक किसन आला. तो आमच्या डिटॅचमेंटमध्ये नर्सिंग असिस्टंट होता, वय अठ्ठावीस, गाव आमच्या गावापासून चार कोसांवर. दुसऱ्यांसमोर मला "मॅडम" म्हणायचा, कोणी नसलं की "अक्का". ट्रकमधून उतरल्या उतरल्या त्याने सगळ्यांशी नाती जोडली. बांधावर जाणाऱ्या बायकांची पोरं दिवसभर एका मोठ्या तंबूत असत. त्या पोरांचा तो पहिल्याच दिवशी मामा झाला. बिस्किटाचा एक पुडा तो एकोणीस पोरांत असा वाटायचा की भांडण होत नसे. ही विद्या मला पुढे तुमच्या बाबाच्या आणि आत्याच्या वेळीही जमली नाही.

मी सगळं नियमाप्रमाणे केलं. कॉलऱ्याच्या लशी टोचल्या. पाण्यात क्लोरीन टाकलं. संडासासाठी चर खणले. तिसऱ्या दिवशी कचरा साचला. वापरलेल्या पट्ट्या, पत्रावळी, उंबराचा झाडून काढलेला ओला पाला. नियम असा की कचरा तळाच्या मागे, वारा जिकडे जातो त्या बाजूला जाळायचा. तळाच्या मागे कडा होता. कड्याच्या पायथ्याशी चर खणून मी हुकूम दिला; चरातल्या कचऱ्याच्या आगीला जंगल खात्याची मुभा होती. कचरा १६४० वाजता पेटला.

जाळ मोठा नव्हता. ओल्या पाल्याचा पांढरा धूर कड्याला चिकटून सरळ वर गेला, घराच्या धुराड्यातून जावा तसा. मी समाधानाने वहीत नोंद करत होते. मग ट्रक चढणीला लागल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, सामानाचा ट्रक लवकर आला.

किसन पोरांच्या तंबूपाशी होता. त्याने वर पाहिलं आणि ओरडला, "आग्या मोहोळ! मॅडम, खाली पडा! कांबळं घ्या अंगावर!"

आग्या मोहोळ तुम्ही पाहिलेलं नाही. एकेक पोळं दाराएवढं असतं. त्या कपारीत तशी सतरा होती. हे नंतर मोजलं.

मोठी माणसं बांधावर होती. तळावर पोरं, म्हातारी माणसं आणि माझ्याकडचे चार आजारी एवढेच. पोरांच्या तंबूच्या बाजू उकाड्यामुळे वर गुंडाळलेल्या होत्या. त्या सोडून बांधायला वेळ नव्हता. किसनने दोन्ही खांब लाथेने पाडले. सगळा तंबू पोरांवर आडवा झाला. जाड कॅनव्हास, माशीचा काटा आत जाईना. पण एका बाजूचे खुंट खडकात नीट बसलेले नव्हते. पोरं आत घाबरून हलली की ती कड उचलली जाई. किसन त्या कडेवर पालथा पडला आणि हात पसरून ती दाबून धरली.

मी तीस पावलांवर होते. मला त्याचा आवाज ऐकू येत होता. "हलू नका रे. गप पडा. मामा हाय हितं." तेच परत परत. मग, "मामा हाय." मग नुसतं, "हाय."

मी बाहेर का गेले नाही, हे तुमच्या मनात येईल. माझ्या कांबळ्याखाली एक बाळंतीण होती आणि तिचं नऊ दिवसांचं मूल. मी उठले असते तर ती दोघं उघडी पडली असती. हे खरं कारण आहे. ते पुरेसं आहे का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे. उत्तर दर वेळी तेच येतं आणि दर वेळी ते कमी पडतं.

वायरलेस ऑपरेटर ट्रकच्या केबिनमध्ये काचा लावून बसला होता. त्याचं बोलणं नोंदवहीत आहे. पाझर तलावामुळे वायरलेसवर आमच्या तळाचं नाव टँक कॅम्प होतं.

"बेस, धिस इज टँक कॅम्प. मेडिकल इमर्जन्सी. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"टँक कॅम्प, कारण सांगा. ओव्हर."

"मधमाश्या. ओव्हर."

"टँक कॅम्प, पुन्हा सांगा. ओव्हर."

त्याला तीनदा सांगावं लागलं.

सव्वापाचला माश्या विरळ झाल्या. तंबू उचलला. एकोणीस पोरं. दोघांना दोन-तीन डंख, बाकी नुसती घामाने भिजलेली. गयाबाई तिच्या पालापुढे घोंगडी अंगभर घेऊन दगडासारखी बसली होती. तिला एकही माशी चावली नाही.

किसनच्या पाठीवरचे, मानेवरचे काटे मी आणि मेजरनी सुरीच्या मागच्या धारेने खरवडून काढले. दोनशेच्या पुढे मी मोजणं सोडलं. ॲड्रेनलिन दिलं, एव्हिल दिलं, पुन्हा ॲड्रेनलिन दिलं. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. एकदाच शुद्धीवर आला.

"पोरं मोजली का, अक्का?"

मेजर शेजारी होते. तरी तो मॅडम म्हणाला नाही.

"एकोणीस."

"मंग ठीक."

तो १८२५ वाजता गेला. ॲम्ब्युलन्स १९०५ ला पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई माझ्या तंबूशी आली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाई, त्या दिशी तुमी सायबाला काय सांगितलं व्हतं?"

"तुम्हाला पूजा करायची आहे, असं."

"पूजा?" तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "म्या पूजा कुठं म्हणलं? धूर बघायचा म्हणलं. वर काय बसलंय, वारं कुठून फिरतंय, दगडाखाली मुंग्या हायत का काय हाय. गाड्या जुपलेल्याच ठेवतो आमी तवर. वर काही उठलं तर तसंच पळता येतंय. तुमी एवढं शिकलेल्या, आन आमाला देवभोळं समजल्या व्हय?"

मी "हो" म्हणाले. ती मान हलवून खाली बसली. मी तिला चहा दिला. आम्ही दोघी तो प्यायलो.

नऊ वाजता जीपमधून पंचक्रोशीतल्या सोसायटीचे चेअरमन आले, बरोबर दुष्काळी कामांवरचे दोन अधिकारी. चेअरमन शोक करायला आले होते आणि त्यांनी तो रीतसर केला. मग म्हणाले, मोहोळं जाळायला माणसं बोलावली आहेत, तळ आहे तिथेच राहू द्या. त्याचं कारणही मला ठाऊक होतं. रस्ता तळापर्यंत होणार होता, आणि झऱ्याखालची जमीन त्यांची होती.

मी म्हटलं, "तळ इथे राहणार नाही."

"मग कुठं नेता, बाई?"

वरच्या माळाकडे गयाबाईने हात केला. पाऊण कोस चढ, बांधापासून दीड कोस. खुरटं गवत आणि दगड. झाड एक नाही.

चेअरमन हसले. "गयाबाई, तिथं सावली दाखवा मला!"

"पदर डोस्क्यावर घेतला की सावलीच हाय, चेअरमन. तुमाला लागत आसंल तर टोपी हायच की."

मागे उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा कोणी हसलं.

अधिकारी हसले नाहीत. त्यांचा मुद्दा साधा होता. माणसं दीड कोसावरून येणार म्हणजे कामावर उशिरा येणार. काम मागे पडलं तर हा बांध बंद करून दुसरीकडे काढावा लागेल. चाळीस कुटुंबं घरी जातील. हे धमकावणं नव्हतं. तसं खरंच झालं असतं.

मेजरनी मला बाजूला घेतलं. "कॅप्टन, मोहोळं जाळली तर जागा वाईट नाही."

"सर, माझा एक माणूस इथे मेला आहे. ज्यांना जागा कळते त्यांना आपण विचारलं नाही. त्यांनी सांगितलं, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. आता त्या म्हणतात माळ, तर माळ."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मी वैद्यकीय कारणासाठी ही जागा नापास केली आहे, सर. लेखी." कागद माझ्या हातात होता. फॉर्म तोच, माझ्या पहिल्या खुणा खोडून नापास केलेला.

त्यांनी तो वाचला. सही केली नाही. परत दिला आणि म्हणाले, "मी आता बांधावर जातोय. अकरापर्यंत परत येणार नाही."

आम्ही पावणेदहाला निघालो. हा हुकूम कोणी दिला, असं पुढे मला विचारलं गेलं. मी दिला.

माळावर पोचल्यावर कोणी बैल सोडले नाहीत. गयाबाईने तीन धोंडे मांडले. ओला पाला मात्र सापडेना, सगळं वाळलेलं. मी माझ्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी गवतावर शिंपडलं. तिने चूल पेटवली. भोवती वीस पावलं गवत उपटून आम्ही माती मोकळी केली होती आणि वाळूच्या दोन बादल्या शेजारी ठेवल्या होत्या. जंगल खात्याची अट मी एवढीच पाळू शकले. धूर आधी घुटमळला, मग वाकून पूर्वेकडे सपाट वाहत गेला. कुठेच काही उठलं नाही. ती चुलीकडे पाठ करून, रानाकडे तोंड करून बसली. तिच्यामागे चाळीस कुटुंबं गाड्यांपाशी उभी. आमचे आठ जवान उभे. मीही उभी राहिले. चूल विझायला सव्वीस मिनिटं लागली. इतकी कमी वेळाची गोष्ट होती ती.

"सोडा बैलं," गयाबाई म्हणाली.

पाण्याचा प्रश्न जवानांनी सोडवला. माश्या उजाडल्याशिवाय सहसा फिरत नाहीत. त्याआधी चौघं घोंगडी पांघरून झऱ्यावर उतरत आणि पाणी भरून देत. चढावर माणसांची रांग, हातोहात हंडे वर. मोहोळं जाळणाऱ्यांना मी परत पाठवलं. चेअरमननी कारण विचारलं. म्हटलं, ती आपल्या जागी होती, आपण त्यांच्या जागी गेलो.

पहिल्या सकाळी कामाची वेळ सातची. चेअरमन आणि एक अधिकारी पावणेसातला बांधावर येऊन उभे राहिले, हजेरी बघायला. माळावरून माणसं साडेपाचला निघाली होती. सातला दहा मिनिटं कमी असताना पहिली टोपली बांधावर पडली. ती गयाबाईने टाकली. मुकादमाने हजेरी घेतली. गैरहजर कोणी नव्हतं. चेअरमन जीपमध्ये जाऊन बसले. त्यानंतरही एकही दिवस उशीर झाला नाही. मी रोज सातला बांधावर असायचे. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं सांगते आहे.

बांध पुरा झाला. माझ्या फाईलमध्ये नाराजीचं एक पत्र लागलं. त्याची नक्कल मी जपून ठेवली आहे, बाकीच्या प्रशस्तिपत्रांच्या वर. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि त्या काळच्या नियमाने माझी नोकरी संपली. पुरुष अधिकाऱ्याचं लग्न झालं की त्याला क्वार्टर मिळे. मी त्याविरुद्धही अर्ज केला होता. तो फेटाळला गेला. त्याचीही नक्कल आहे.

आता तुमचं उत्तर. मला कोणतीही जागा निवडता येत नाही. फोटोत धूर कुठे जातो ते दिसत नाही. तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसाला शोधा. तो सांगेल ते पूर्ण ऐका, तुमच्या शब्दांत कोंबू नका. आग पेटवायला परवानगी असेल तिथे लहानशी पेटवा, तंबू गाडीतच ठेवा, आणि ती विझेपर्यंत बसा. सगळ्यांत सुंदर जागा असेल तिथे दुप्पट वेळ बसा.

त्या माणसांनी दुष्काळ सरल्यावर माळ सोडला नाही. त्यांनी मजुरांची सहकारी सोसायटी काढली. कागदावर पहिला अंगठा गयाबाईचा आहे. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दसरा झाला की तिथल्या गाड्या, आता ट्रॅक्टर, अजून ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या माणसाने दाखवलेल्या जागेवर पोचले की ते आधी तीन धोंडे मांडतात. ती चूल विझेपर्यंत कोणी सामान उतरवत नाही. तिला ते किसनमामाची चूल म्हणतात. तंबूखालच्या एकोणीस जणांपैकी अकरा मला अजून भेटतात. त्यांतली एक आज सोसायटीची चेअरमन आहे.

नाईक किसनचं नाव कुठल्या स्मारकावर नाही. तो लढाईत मेला नाही, असं मला लेखी कळवण्यात आलं. ते पत्रही माझ्याकडे आहे, आणि माझं उत्तरही.

माळावर वस्ती आहे. बांध आहे. झरा चालू आहे, आणि कड्यावर मोहोळं आहेत.